अडवलेल्या अन्नाचा निकाल किती दिवसांत लागणार?

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्यांच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईच्या केंद्रात या आंब्यांवर विकिरण प्रक्रिया, म्हणजे कीड मारण्यासाठी किरणांचा मारा, झाली होती. अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक तिथे हजर असतो आणि त्याच्या कागदाशिवाय पेटी पुढे जात नाही. आंब्यात कीड सापडल्याचं कुणी म्हटलं नव्हतं, आक्षेप प्रक्रियेच्या नोंदींवर आणि कागदपत्रांवर होता. निर्यातदारांना सांगण्यात आलं की स्वखर्चाने माल परत न्या किंवा तिथेच नष्ट करा. आंबा परत आणायचं भाडं आंब्याला परवडत नाही आणि इथे पोचेपर्यंत तो खाण्याजोगा उरत नाही. त्यांनी नष्ट करणं पत्करलं. सुमारे पाच लाख डॉलरचा माल गेला असा त्यांचा अंदाज होता.

आपल्याकडे यावर हळहळ झाली, रागही आला. कागद त्यांच्याच माणसाचा होता, मग चुकीचा भुर्दंड आमच्या माणसाला का? चूक दुरुस्त करायला दोन दिवस का दिले नाहीत? हे प्रश्न रास्त आहेत, आणि रास्त आहेत म्हणूनच ते आपल्या बंदरांवरही विचारले पाहिजेत. न्हावा शेवाला बाहेरून आलेलं अन्न रोज अडतं. खजूर, सफरचंद, डाळी, तेल, चीज, लहान मुलांचं खाणं, सगळंच. त्या मालाचं पुढे काय होतं, कुणाच्या सहीने आणि किती दिवसांत होतं, याची चौकशी आपण जवळपास करतच नाही.

माझं म्हणणं असं आहे. सीमेवर अन्न अडवण्याचा अधिकार सरकारकडे असलाच पाहिजे आणि तो कडकपणे वापरलाच पाहिजे. पण अडवल्यानंतर मुदत, कारण, फेरतपासणी आणि विल्हेवाट या चार गोष्टी कायद्याने बांधलेल्या हव्यात. आज त्या अर्ध्यामुर्ध्या बांधलेल्या आहेत. त्याचा तोटा आयातदाराला होतो हे उघडच दिसतं. खाणाऱ्याला होतो तो दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहायला हवं.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम २५ नुसार असुरक्षित, कमी दर्जाचं किंवा चुकीच्या लेबलचं अन्न देशात आणता येत नाही. कलम ४७ च्या पाचव्या पोटकलमानुसार भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) प्राधिकृत अधिकाऱ्याने आयात अन्नाचा नमुना घेऊन अधिसूचित प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि विश्लेषकाने पाच दिवसांत अहवाल द्यायचा. देशातल्या दुकानातून उचललेल्या नमुन्यासाठी हीच मुदत १४ दिवसांची आहे. म्हणजे सीमेवरच्या मालाला घाई असते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पुढचा तपशील २०१७ च्या आयात विनियमांत येतो. माल बंदरात येताना त्याची टिकण्याची मुदत ६० टक्के तरी शिल्लक हवी किंवा संपायला तीन महिने तरी हवेत, यांतलं जे कमी असेल ते. आयातदाराचं नाव-पत्ता, शाकाहारी-मांसाहारी खूण, प्राधिकरणाचा लोगो आणि परवाना क्रमांक अशा गोष्टी लेबलवर राहिल्या असतील तर न निघणारा स्टिकर लावून दुरुस्ती चालते. उत्पादनाची किंवा मुदत संपण्याची तारीखच नसेल तर चालत नाही, आणि ते योग्यच आहे. सात दिवसांपेक्षा कमी टिकणाऱ्या मालाला अहवालाची वाट न पाहता तात्पुरतं ना हरकत प्रमाणपत्र देता येतं, पुढे अहवाल वाईट आला तर आयातदाराने माल बाजारातून परत बोलवायचा.

इथवर हे नियम चांगले आहेत, काही बाबतींत विचारपूर्वक केलेले आहेत. पण त्या पाच दिवसांनंतर सहावा दिवस उजाडला तर काय, हे कलम सांगत नाही. प्रयोगशाळेने दहा दिवस लावले, तर त्याची किंमत प्रयोगशाळा देत नाही, प्राधिकरण देत नाही. ती किंमत गोदामाच्या भाड्यात, कंटेनरच्या दिवसावारी शुल्कात आणि मालाच्या घटत्या आयुष्यात भरली जाते.

पुण्यातले एक सुक्यामेव्याचे व्यापारी माझ्या परिचयाचे आहेत. रमजानच्या तोंडावर त्यांनी मागवलेला खजूर नमुन्याच्या अहवालासाठी बंदरात थांबला आणि सुटला तेव्हा रमजान संपत आला होता. खजुरात दोष निघाला नाही. क्लिअरिंग एजंटला फोन करून करून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यांची तक्रार तपासणीबद्दल नव्हतीच. ते म्हणाले, "अहो, नापास करायचा तर नापास करा, पण कधी ते तरी सांगा." मला हे वाक्य या सगळ्या प्रश्नाचं मर्म वाटतं. नाशवंत किंवा हंगामी मालाच्या बाबतीत उशीर हाच निकाल असतो. असा निकाल, ज्याच्यावर कुणाची सही नाही आणि ज्याच्याविरुद्ध अपील करता येत नाही.

भाड्याचा प्रश्न तर वर्षानुवर्षं लोंबकळतो आहे. कस्टमने अडवलेल्या वा जप्त केलेल्या मालावर गोदामचालकाने भाडं किंवा डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) घेऊ नये, असं २००९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. पण तो नियम सुरूच होतो ‘अन्य कायद्यांच्या अधीन राहून’ अशा अटीने. त्याच्या आधी, १९९५ मध्ये, इंटरनॅशनल एअरपोर्ट्‌स ऑथॉरिटी विरुद्ध ग्रँड स्लॅम इंटरनॅशनल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की कस्टमने माल चुकीने अडवला असला, तरी गोदाम सांभाळणाऱ्या संस्थेचं डेमरेज आयातदाराने चुकवलं पाहिजे. गोदाम सांभाळणाऱ्याचा यात काय दोष, हा न्यायालयाचा विचार समजण्यासारखा आहे. पण मग ज्याने चुकीने अडवला त्याने का भरू नये? या प्रश्नाचं उत्तर संसदेने किंवा प्राधिकरणाने द्यायचं होतं आणि ते अजून दिलेलं नाही. मोठी कंपनी हा भार सोसते, किमतीत मिळवते आणि पुढे जाते. एखाद-दुसरा कंटेनर मागवणारा व्यापारी त्यातून उठत नाही. बाजारात मग मोठेच उरतात.

आता कुणी म्हणेल, परदेशी चॉकलेटं आणि किवी खाणाऱ्यांसाठी एवढं रडायचं कशाला? हा समज चुकीचा आहे. देशाच्या खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीतून भागते. तूर म्यानमार आणि मोझांबिकमधून येते. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फळबाजाराला नाहीतर भुसार बाजाराला एक फेरी मारली, तर बाहेरून आलेला माल कुणाच्या पिशवीत जातो ते दिसतं. तो खानावळीच्या वरणात आहे आणि वडापावच्या कढईत आहे. सीमेवरची तपासणी सैल असेल तर पहिला फटका याच माणसाला बसतो आणि ती मनमानी असेल तर भाववाढीचा फटकाही त्यालाच बसतो.

उलट बाजूने हेच सगळं पुणे जिल्ह्याने सोसलेलं आहे. जुन्नर-नारायणगावचे, इंदापूर-बारामतीचे द्राक्षबागायतदार युरोपला माल पाठवतात. २००३ मध्ये नेदरलँड्‌समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला आणि आपली झोप उडाली. त्यानंतर कीडनाशक उर्वरित अंशांच्या तपासणीची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली आणि तिची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आली. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर बागेच्या नोंदणीपासून कंटेनरपर्यंतचा माग ठेवला जाऊ लागला. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षं अडवली. आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. द्राक्षं मांजरीच्या कसोटीला उतरली होती, तिकडच्या कसोटीला उतरली नाहीत. बागायतदाराच्या अंगावर कर्ज राहिलं. पुढे ते रसायन यादीत आलं, फवारण्या बदलल्या आणि निर्यात सावरली.

या प्रकरणातून आपण एक धडा नीट घेतला, तो म्हणजे तपासणी कडक करा. दुसरा धडा तितकाच मोलाचा होता आणि तो मात्र आपण आपल्या कायद्यात आणला नाही. युरोपने माल अडवला तेव्हा कारण लेखी होतं, रसायनाचं नाव होतं, मर्यादा छापील होती आणि सूचना युरोपच्या जलद इशारा यंत्रणेवर सगळ्यांना वाचायला मिळत होती. आज तिथल्या २०१७ च्या ६२५ क्रमांकाच्या विनियमानुसार व्यावसायिकाला दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागण्याचा हक्क आहे. नियमात न बसणारा माल नष्ट करणं, तो परत पाठवणं किंवा त्याच्यावर योग्य प्रक्रिया करणं असे पर्याय लिहिलेले आहेत आणि परत पाठवायचा तर त्यालाही ६० दिवसांची मुदत घातलेली आहे. अमेरिकेतही अन्न व औषध प्रशासनाला नकार देण्याआधी मालकाला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं आणि नाकारलेला माल ९० दिवसांत देशाबाहेर न्यावा किंवा नष्ट करावा लागतो. कुणाचा माल, कुठल्या देशाचा, कोणत्या कारणाने नाकारला याची यादी ते इंटरनेटवर टाकतात. तिथे अन्याय होत नाही असं मी म्हणत नाही. आंब्याचं उदाहरण वर दिलंच आहे. पण अन्याय झाला तर बोट कुठे ठेवायचं ते तिथे कळतं.

आपल्या कायद्याचं कलम ६७ वाचा. नियमबाह्य आयात अन्न नष्ट करावं, किंवा सक्षम प्राधिकाऱ्याने परवानगी दिल्यास पाठवणाऱ्याला परत करावं, किंवा त्या प्राधिकाऱ्याला योग्य वाटेल तसा दुसरा आदेश द्यावा. हा शेवटचा पर्याय म्हणजे उघडं ठेवलेलं दार आहे. त्यातून काय बाहेर पडू शकतं याचा विचार ग्राहक म्हणून आपण करायला हवा. नाकारलेला माल कंपोस्टला गेला का, जनावरांच्या खाद्याला गेला का, साबणाच्या कारखान्यात गेला का, की नवं लेबल लावून एखाद्या गावच्या आठवडी बाजारात आला? यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरंही काही मालाच्या बाबतीत योग्य ठरू शकतं. चौथं होऊ नये यासाठी प्रत्येक खेपेचा शेवटपर्यंतचा माग हवा: किती किलो निघालं, कुठल्या गाडीतून गेलं, कुणी कुठे नष्ट केलं, साक्षीला कोण होतं. कस्टम कायद्याच्या कलम ४८ नुसार ३० दिवसांत न सोडवलेला माल तो ताब्यात असलेली गोदामसंस्था आयातदाराला नोटीस देऊन आणि कस्टमच्या परवानगीने विकू शकते आणि नाशवंत माल तर त्याआधीही विकता येतो. तिथेही अन्न म्हणून विकायचं तर आधी अन्न म्हणून तपासलंच पाहिजे. लिलावात गोणी स्वस्त मिळते म्हणून तिच्यातली बुरशी कमी होत नाही.

परत पाठवण्याबद्दलही मला बोलायचं आहे, कारण हा मुद्दा कुणी फारसा उचलत नाही. ज्या अन्नात विषारी अंश सापडला ते आपण जहाजात घालून परत पाठवलं की आपलं काम संपलं का? ते जहाज मूळ देशातच जाईल याची हमी कोण देतं? जिथे तपासणी आपल्यापेक्षा ढिली आहे अशा एखाद्या गरीब देशाच्या बंदरात ते उतरलं तर तिथली माणसं ते खाणार. युरोपच्या २००२ च्या अन्न कायद्यात याची सोय आहे. आरोग्याला घातक अन्न पुन्हा निर्यात करता येत नाही, आणि बाकीच्या नियमबाह्य अन्नाची निर्यात करायची तर घेणाऱ्या देशाला नकाराची कारणं पूर्ण सांगून त्याची स्पष्ट संमती घ्यावी लागते. हा भेद आपणही केला पाहिजे. लेबलात त्रुटी असलेला माल खुशाल परत जाऊ दे. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने भरलेला शेंगदाणा मात्र इथेच, सरकारी देखरेखीखाली नष्ट झाला पाहिजे आणि खर्च आयातदाराकडून वसूल झाला पाहिजे. आपल्याच कायद्यात दंड ठरवताना हा भेद केलेला आहे. चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंड, कमी दर्जासाठी पाच लाखांपर्यंत, असुरक्षित अन्नासाठी तुरुंगवासही. मालाची विल्हेवाट ठरवताना मात्र सगळं एका ओळीत आणून बसवलेलं आहे.

अलीकडे काही पावलं पडली आहेत आणि त्यांचं स्वागत केलं पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत झालेल्या जागतिक अन्न नियामक परिषदेत प्राधिकरणाने आयात-नकाराची माहिती देणारं पोर्टल सुरू केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये उत्पादक आणि आयातदारांनी नाकारलेल्या आणि मुदत संपलेल्या अन्नाची माहिती दर तिमाहीला द्यावी, असा आदेश निघाला. त्यात ते अन्न नष्ट झालं, लिलावात गेलं की आणखी कशाला वापरलं हेही सांगायचं आहे. दिशा बरोबर आहे. पण ही माहिती प्राधिकरणाच्या संगणकात राहणार असेल, तर ग्राहकाला तिचा उपयोग नाही. शिवाय आदेश आणि कायदा यांत अंतर असतं. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्स या कंपनीच्या प्रकरणात २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की प्राधिकरणाच्या सल्लावजा सूचनांना कायद्याचं बळ नाही, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. जी गोष्ट टिकायला हवी ती विनियमात रीतसर उतरली पाहिजे.

कडक प्रक्रियेची मागणी केली की ग्राहक चळवळीतल्या काही मित्रांना वाटतं, आपण व्यापाऱ्याची वकिली करतो आहोत. त्यांनी मॅगीचं प्रकरण आठवावं. शिसं जास्त असल्याच्या कारणावरून या नूडल्सवर घातलेली बंदी १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. त्यामागची कारणं होती ती अशी: कंपनीला म्हणणं मांडायची पुरेशी संधी दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्या कायद्याने मान्य केलेल्या नव्हत्या. पंजाब, हैदराबाद आणि जयपूरच्या प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करा, असं न्यायालयाने सांगितलं. त्या नूडल्समध्ये शिसं जास्त होतं की नव्हतं या प्रश्नाला पहिल्याच फेरीत भक्कम उत्तर मिळायला हवं होतं. ते मिळालं नाही, कारण यंत्रणेने आपलेच नियम पाळले नाहीत. प्रक्रिया कच्ची असली की निर्दोष माणूस भरडला जातो आणि दोषी सुटतो. दोन्हीकडून नुकसान खाणाऱ्याचं होतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मनुष्यबळाचा आहे. बंदरावर माल वाढतो, विश्लेषक वाढत नाहीत. मुदत बांधून दिली तर तपासणी उरकली जाईल, असं काही जाणकार म्हणतात. ही भीती खरी आहे आणि म्हणूनच मुदत संपली की माल आपोआप सुटावा, अशी मागणी मी करणार नाही. ती घातक ठरेल. मुदत संपली तर नमुना प्राधिकरणाच्या खर्चाने दुसऱ्या अधिसूचित प्रयोगशाळेकडे जावा आणि त्या दिवसापासूनचं गोदामाचं भाडं व कंटेनरचं शुल्क प्राधिकरणाने सोसावं, एवढंच मागणं आहे. अहवालात दोष निघाला, तर हा सगळा खर्च आयातदाराकडून वसूल करा. माल निर्दोष निघाला, तर नाही. उशिराचं बिल आपल्या तिजोरीवर येऊ लागलं की विश्लेषकांच्या रिकाम्या जागा भरण्याची निकड वरच्या मजल्यावरही पोचेल.

जागा भरण्यासारखी माणसं आणि संस्था आपल्या पुण्यात आहेत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. जुन्या १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली देशात ज्या चार केंद्रीय अन्न प्रयोगशाळा होत्या, त्यांपैकी एक पुण्याची राज्य आरोग्य प्रयोगशाळा होती. मांजरीचं केंद्र आहे. विद्यापीठातून दरवर्षी रसायनशास्त्राची, अन्नतंत्रज्ञानाची मुलं बाहेर पडतात आणि नोकरीसाठी भटकतात. न्हावा शेवा इथून काही तासांच्या अंतरावर आहे. राज्याने आणि प्राधिकरणाने ठरवलं तर बंदरावरच्या नमुन्यांचा मोठा भार पुणे उचलू शकतं.

ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी याच शहरात केली. वजनमापं आणि भेसळ यांवर त्या चळवळीने लोकांना बोलायला शिकवलं. बंदरावरचं अन्न तिच्या नजरेतून सुटलं, कारण ते दिसत नाही. मार्केट यार्डातले आयात फळांचे व्यापारी, जुन्नरचे निर्यातदार बागायतदार आणि ग्राहक संघटना एरवी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभ्या असतात. या प्रश्नावर तिघांची मागणी एकच होऊ शकते. त्यासाठी संसदेत कायदा बदलण्याचीही वाट पाहावी लागत नाही. कलम ९२ खाली प्राधिकरण केंद्र सरकारच्या मान्यतेने विनियम करतं आणि ते करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. २०१७ च्या आयात विनियमांत दुरुस्तीचा पुढचा मसुदा निघेल तेव्हा पुण्यातून जाणाऱ्या हरकतींत या तिघांच्या सह्या एका कागदावर असाव्यात आणि पहिली मागणी सहाव्या दिवसाचं भाडं कोण भरणार याची असावी.